शिक्षकाची अमानत आणि यंत्राची मदत

बी.एड.च्या दोन वर्षांत छात्राध्यापकाच्या वाट्याला जी कामे येतात, त्यांत पाठ टाचण लिहिण्याचे काम बहुधा सर्वांत कंटाळवाणे. घटक आणि उपघटक, उद्दिष्टे आणि स्पष्टीकरणे, शैक्षणिक साहित्य, प्रस्तावना, हेतुकथन, फलकलेखन, मूल्यमापन, स्वाध्याय असे रकाने आखायचे आणि उद्या वर्गात जे घडेल ते आज रात्रीच कागदावर घडवायचे. मुले काय उत्तर देतील तेही आधीच लिहून ठेवायचे. भावी शिक्षकांच्या कित्येक पिढ्यांनी हे लिहिले, काहींनी थोरल्या बहिणीच्या वहीतून उतरवून काढले, आणि मार्गदर्शक प्राध्यापकांनी त्यांवर सह्या केल्या. आता वही उसनी आणण्याचीही गरज उरलेली नाही. मोबाईलवर इयत्ता, विषय आणि पाठाचे नाव मराठीत वा उर्दूत लिहिले की चॅटजीपीटीसारखा कृत्रिम बुद्धिमत्तेचा मदतनीस अर्ध्या-एक मिनिटात संपूर्ण टाचण पुढे ठेवतो. ते नीटनेटके असते, शुद्धलेखनही बरे असते.

आपल्या समाजातील कितीतरी घरांत आज एखादी मुलगी किंवा सून डी.एल.एड. वा बी.एड. करीत आहे. शिक्षकी पेशा हा आपल्याकडे केवळ नोकरी म्हणून पाहिला जात नाही. उस्तादाला बापाच्या बरोबरीने मान देणारी ही परंपरा आहे. म्हणूनच अशा घरात एक प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून चालत नाही. यंत्राने लिहिलेले टाचण आपले म्हणून पुढे करणे ही खियानत ठरते काय? त्याच्याच पाठोपाठ आणखी प्रश्न येतात. वर्गात स्वतः समजावून न सांगता चित्रफीत लावून दिली तर? उत्तरे यंत्राकडून तपासून घेतली तर? हे प्रश्न वरवर तंत्राचे दिसतात, पण त्यांचे मूळ अमानतीत आहे.

यावर दोन उत्तरे चटकन दिली जातात. पहिले असे की यंत्र म्हणजे साधन. दुकानातून आणलेल्या तक्त्यासारखे ते वापरावे आणि पुढे जावे. दुसरे असे की ही सरळ फसवणूक आहे, सबब भावी शिक्षकाने यापासून दूरच राहावे. पहिल्या उत्तरात घाई आहे आणि दुसऱ्यात भय. दुसऱ्याचा विचार आधी करू, कारण धार्मिक घरांत तेच अधिक ऐकू येते आणि ते दीनच्या नावाने दिले जाते.

आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) मदिनेत आले तेव्हा बाहेरच्या लोकांशी होणाऱ्या पत्रव्यवहारात एक अडचण होती. यहुदी लोकांची लिपी मुस्लिमांपैकी कोणाला नीट येत नव्हती. पत्र लिहायचे किंवा आलेले वाचायचे तर दुसऱ्याच्या हातावर आणि डोळ्यांवर भरवसा ठेवावा लागे, आणि त्याने काय लिहिले हे तपासता येत नसे. प्रेषितांनी (स.) तरुण हजरत ज़ैद बिन साबित (रज़ि.) यांना ती लिपी शिकून घेण्यास सांगितले. तिर्मिज़ीतील हदीसनुसार ज़ैद (रज़ि.) यांनी ती सुमारे पंधरा दिवसांत आत्मसात केली. शिकण्याची आज्ञा ज्या कारणासाठी झाली ते कारण महत्त्वाचे आहे. जी गोष्ट आपल्या कामात शिरलेली आहे ती आपल्याला कळत नसेल, तर आपण तिच्यापासून सुरक्षित होत नाही, तिच्या स्वाधीन होतो. वर्गात पडदा आला, पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड आले, मुलाच्या हातात मोबाईल आला. आता शिक्षिकेने ‘मला त्यातले काही कळत नाही’ असे म्हणणे म्हणजे न वाचता येणारे पत्र दुसऱ्याकडे वाचायला देणे होय.

साधनाचे वावडे तर प्रेषितांच्या (स.) शिकवणीत मुळीच दिसत नाही. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रज़ि.) यांनी कथन केलेल्या हदीसप्रमाणे एकदा त्यांनी जमिनीवर चौकोन काढला, मधून त्याच्या बाहेर जाणारी एक रेघ ओढली आणि तिच्या बाजूंना लहान लहान रेघा काढल्या. मधली रेघ माणसाची, चौकोन त्याला घेरून असलेल्या आयुष्यमर्यादेचा, बाहेर गेलेला भाग त्याच्या आशा-आकांक्षांचा आणि लहान रेघा त्याला गाठणाऱ्या संकटांच्या. आज अध्यापक विद्यालयात ज्याला फलकलेखन म्हणतात त्याचा याहून सुंदर नमुना सांगता येणार नाही. फक्त एवढे ध्यानात घ्यावे की ते चित्र ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत, त्याच विषयासाठी, सांगणाऱ्याच्या हातून उमटत होते.

आपल्याच राज्यातले उदाहरण घ्यायचे तर सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांचे घ्यावे. त्यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली आणि २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. या कोडचे कौतुक पुष्कळ झाले. माझ्या मते कौतुकाची खरी जागा दुसरी आहे. मुलांची घरची भाषा कन्नड आणि पुस्तक वेगळ्या भाषेतले, हे त्यांनी आधी पाहिले, स्वतः ती भाषा शिकून घेतली आणि पुस्तकाचा मजकूर मुलांना कळेल अशा भाषेत आणला. कोड त्यानंतर आला. पुरस्काराच्या दहा लाख डॉलरांपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर शिक्षकांत वाटली, हेही आपल्या मुलामुलींना सांगण्यासारखे आहे.

तेव्हा शिकावे, हे ठरले. आता पहिल्या, घाईच्या उत्तराकडे वळू. साधन म्हणजे तक्ता आणि तक्ता म्हणजे साधन, इतके हे सरळ आहे काय? बी.एड.च्या अभ्यासक्रमात आज माहिती-तंत्रज्ञानाचा स्वतंत्र भाग असतो आणि त्यात पुण्य मिश्रा व मॅथ्यू कोहलर या दोन अभ्यासकांनी २००६ साली मांडलेली चौकट बहुतेक ठिकाणी शिकवली जाते. विषयाचे ज्ञान, शिकवण्याच्या पद्धतीचे ज्ञान आणि तंत्रज्ञानाचे ज्ञान अशी तीन वर्तुळे एकमेकांत गुंतलेली दाखवतात. तिन्ही जिथे एकत्र येतात तिथे चांगला शिक्षक उभा असतो. चौकट उपयोगी आहे. शिक्षकाला काय काय यायला हवे ते ती सांगते. परंतु जे आले त्याबद्दल जाब कोणाला द्यायचा, हा तिचा विषय नाही. त्यासाठी आपल्याला दुसरीकडे पाहावे लागते, आणि सुदैवाने फार दूर जावे लागत नाही.

ज्ञान एका माणसाकडून दुसऱ्याकडे कसे जाते याचा जितका बारीक विचार मुहद्दिसीनांनी, म्हणजे हदीसच्या विद्वानांनी केला, तितका क्वचितच कोणी केला असेल. हदीस मिळवण्याचे आठ मार्ग त्यांनी वेगवेगळे केले. उस्तादाच्या तोंडून ऐकणे हा बहुतेकांच्या मते सर्वांत वरचा मार्ग. त्याखालोखाल शागिर्दाने वाचून दाखवणे आणि उस्तादाने ऐकणे. मग इजाज़त, म्हणजे पुढे सांगण्याची परवानगी. असे उतरत उतरत शेवटी येते ‘विजादा’. विजादा म्हणजे सापडणे: एखाद्याच्या हस्ताक्षरातील मजकूर हाती लागला, पण तो त्याच्याकडून ऐकलेला नाही आणि त्याची परवानगीही नाही. असा मजकूर फेकून द्यावा असे विद्वान म्हणाले नाहीत. पण तो सांगताना कोणते क्रियापद वापरायचे हे त्यांनी ठरवून दिले. ‘हद्दसना’, म्हणजे त्यांनी आम्हाला कथन केले, असे म्हणायची मुभा नाही. ‘वजद्‌तु’ म्हणायचे, मला हे सापडले.

इमाम अहमद बिन हंबल (रह.) यांचा ‘मुस्नद’ हा प्रचंड हदीससंग्रह त्यांचे पुत्र अब्दुल्लाह (रह.) यांच्याकडून पुढे आला. पुत्राने बापाच्या पायाशी बसून तो ऐकला होता. तरीही ज्या मोजक्या ठिकाणी मजकूर ऐकलेला नव्हता, बापाच्या पुस्तकात त्यांच्या हातचा लिहिलेला आढळला, तिथे ते तसेच सांगतात: मला हे माझ्या वडिलांच्या पुस्तकात, त्यांच्या हस्ताक्षरात सापडले. बापाचे अक्षर ओळखणाऱ्या मुलाने, बापाच्याच ग्रंथात, एवढी काळजी घ्यावी! ‘ऐकले’ म्हटले असते तर कोणाला कळले असते?

याच्या उलट जे करीत त्यांच्यासाठीही एक शब्द होता, तदलीस. निवेदक आपल्या उस्तादाला भेटलेला असे, त्याच्याकडून पुष्कळ काही ऐकलेले असे, पण अमुक एक गोष्ट मधल्या तिसऱ्याकडून आलेली असे. तो मधला गाळून ‘अमुक यांच्याकडून’ असे मोघम म्हणे आणि ऐकणाऱ्याला वाटे, थेट ऐकले असावे. यात खोटा शब्द एकही नाही. मजकूरही कदाचित खरा असेल. तरी शुअबा बिन अल-हज्जाज (रह.) यांच्यासारखे जाणकार तदलीसला खोटेपणाच्या पंक्तीलाच बसवीत, कारण साखळीतली तुटलेली कडी तिथे झाकली जाते आणि ती झाकल्यावर चूक कुठे शिरली हे कोणालाच शोधता येत नाही.

आता त्या पाठ टाचणाकडे परत येऊ. यंत्राने दिलेले टाचण वाचणे, त्यातली एखादी कल्पना घेणे, यात मला दोष दिसत नाही. तो विजादा आहे, किंबहुना विजाद्याहूनही खालचा प्रकार आहे. तिथे निदान कोणाचे तरी हस्ताक्षर असे, इथे लिहिणारा कोणी नाहीच. असंख्य लोकांच्या लिखाणातून शब्दांची संभाव्य जुळणी करणारे ते यंत्र आहे. ते बरोबरही सांगते आणि त्याच आत्मविश्वासाने चुकीचेही सांगते. मागितल्यास अस्तित्वात नसलेली हदीस ग्रंथाच्या नावासह आणि क्रमांकासह देते, हे अनेकांनी अनुभवले आहे. अशा ठिकाणाहून आलेले काही वर्गात नेण्यापूर्वी पडताळणे हे सूरह हुजुरातमधील आदेशाच्या कक्षेतच येते. बातमी आली तर आधी तिची खातरजमा करावी, नाहीतर अजाणतेपणी लोकांचे नुकसान होईल, असे तिथे बजावले आहे. दोष सुरू होतो तो सापडलेल्याला शिकलेले म्हणण्यापासून. टाचणाच्या तळाशी छात्राध्यापिका सही करते. ती सही सांगते की या वर्गाचा विचार मी केला, ही प्रस्तावना या मुलांसाठी मी निवडली, या ठिकाणी मुले अडतील असे मला वाटले. हे तिने केलेले नसेल तर टाचण कितीही उत्तम असो, ती तदलीस आहे.

कोणी म्हणेल, एवढ्याशा कागदाला एवढा मोठा शब्द कशाला? कागद लहान आहे हे खरे. पण त्याच्या पलीकडे चाळीस-पन्नास मुले बसलेली आहेत. अपूर्णांक शिकवताना यंत्र भाकरीऐवजी पिझ्झ्याचे आठ तुकडे करते. ज्या वस्तीत पिझ्झा कोणी पाहिलेला नाही तिथल्या मुलाला आता अपूर्णांक आणि पिझ्झा अशा दोन अनोळखी गोष्टी एकदम समजून घ्याव्या लागतात. टाचण स्वतः लिहिणारीला हे लिहितानाच खटकले असते.

इथपर्यंत बहुतेकजण सहमत होतील, आणि मग एक दिलासा शोधतील: माणसाची जागा यंत्र घेऊ शकणार नाही, काही गोष्टी त्याला जमणारच नाहीत. हा दिलासा मला फार कच्चा वाटतो. कुरआन पठणाचेच पाहा. अक्षर कंठातून काढायचे की जिभेच्या मुळातून, हे पुस्तकातून येत नाही. ‘क़ल्ब’ म्हणजे हृदय आणि ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा, एका अक्षराच्या उगमस्थानाने अर्थ कुठल्या कुठे जातो. म्हणून पठण तोंडातून कानात आणि कानातून तोंडात असेच शतकानुशतके गेले. १९६१ मध्ये इजिप्तचे कारी शेख महमूद ख़लील अल-हुसरी (रह.) यांच्या आवाजात संपूर्ण कुरआनचे ध्वनिमुद्रण झाले. शुद्ध पठण जपले जावे हाच त्यामागे हेतू होता आणि तो पुष्कळ साधला. खेड्यापाड्यांत ज्यांना चांगला कारी मिळत नव्हता त्यांना कॅसेट मिळाली. तेव्हा म्हणता येत होते की कॅसेट ऐकवते, पण ऐकत नाही. तुमची चूक तिला कळत नाही, म्हणून उस्ताद हवाच. आता पठण ऐकून शब्द चुकला की लाल खूण दाखवणारी अ‍ॅप्स आपल्याच मुलांच्या मोबाईलवर आहेत. उद्या ती मखारिजही बारकाईने तपासतील. ‘यंत्राला हे जमत नाही’ या पायावर जो शिक्षकाचे महत्त्व उभे करतो, त्याचा पाया दर दोन-चार वर्षांनी खचतो.

मग शिक्षकाकडे उरते काय? उरतो तो जाब. तुम्ही प्रत्येकजण राखणदार आहात आणि प्रत्येकाला आपल्या राखणीतील जिवांबद्दल विचारले जाईल, या आशयाची प्रेषितांची (स.) शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. यंत्राला कयामतच्या दिवशी काही विचारले जाणार नाही. त्याला इथेही काही विचारता येत नाही. त्याने चुकीचे शिकवले तर ते लाजत नाही, झोप उडत नाही, दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन ‘काल मी सांगितले ते चूक होते’ असे आपण होऊन म्हणत नाही. यंत्र काय करू शकते याची यादी रोज वाढेल. ते जे करील त्याचे उत्तर कोणी द्यायचे, याची यादी मात्र वाढत नाही. तिथे एकच नाव आहे, ज्याच्या हाती मुले सोपवली त्याचे.

नवे तंत्र आले तेव्हा आपल्या पूर्वीच्या उलेमांनी हाच प्रश्न विचारला होता. इस्तंबूलमध्ये इब्राहीम मुतफर्रिका यांना छापखान्याची परवानगी १७२७ मध्ये मिळाली आणि पहिले पुस्तक, एक शब्दकोश, १७२९ मध्ये बाहेर पडले. धार्मिक ग्रंथ त्यातून वगळले होते आणि उशीरही फार झाला, याबद्दल इतिहासकार टीका करतात. ती रास्त आहे. पण शेख-उल-इस्लाम अब्दुल्लाह एफेंदी यांनी जो फतवा दिला त्यात छपाईचा लाभ मान्य करतानाच मजकूर तपासण्यासाठी जाणते विद्वान नेमले जावेत असे सुचवले होते, आणि तसे मुद्रितशोधक नेमलेही गेले. हाताने लिहिलेल्या प्रतीत चूक झाली तर ती एका प्रतीत राहते. छापील चूक शेकडो प्रतींत जाते. तेव्हा लाभ घ्या, पण चुकीला वाली ठेवा. आज ‘वापरा’ आणि ‘वापरू नका’ यांच्या वादात हे तिसरे वाक्य ऐकू येत नाही.

वाली नसला की काय होते, हे इंग्लंडमध्ये २०२० च्या ऑगस्टमध्ये दिसले. कोविडमुळे बारावीच्या तोडीच्या ए-लेव्हल परीक्षा झाल्या नव्हत्या. शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या अंदाजित श्रेण्या कळवल्या आणि मग एका सूत्राने, शाळेचे मागील वर्षांचे निकाल विचारात घेऊन, त्या श्रेण्या बदलल्या. सुमारे ४० टक्के श्रेण्या खाली आल्या. ज्या शाळेतून आजवर कोणी उत्तम गुण मिळवले नव्हते तिथला हुशार मुलगाही शाळेच्या इतिहासाबरोबर खाली ओढला गेला. लहान वर्ग असलेल्या खाजगी शाळांना मात्र त्याच सूत्राचा फायदा झाला. मुले रस्त्यावर उतरली आणि चार-पाच दिवसांत सरकारला निर्णय मागे घ्यावा लागला. सूत्र लबाड नव्हते. पण एखाद्या मुलीने ‘मला कमी का?’ असे विचारले तर तिच्या डोळ्यांत पाहून उत्तर देणारा कोणी नव्हता. आपल्याकडची नवी शिक्षिका पंचवीस निबंध यंत्राला तपासायला देते तेव्हा तिच्या हातून याच गोष्टीची लहान आवृत्ती घडत असते. शुद्धलेखनाच्या चुका यंत्राने दाखवाव्यात, हरकत नाही. गुण तिने द्यावेत, आणि का दिले ते तिला सांगता आले पाहिजे. अद्ल म्हणजे न्याय. तो करणाऱ्याला त्याचे कारण ठाऊक असावे लागते.

चित्रफितींविषयी थोडेच बोलतो. इब्न ख़ल्दून यांनी १३७७ मध्ये लिहिलेल्या ‘मुक़द्दिमा’त शिक्षणावर स्वतंत्र प्रकरणे आहेत. त्यांच्या काळात मोठमोठ्या ग्रंथांचे अतिसंक्षिप्त सार पाठ करवण्याची रूढी होती. तिच्यावर ते कठोर टीका करतात: विद्यार्थ्याला लवकर पोहोचवण्याच्या हेतूने केलेला संक्षेप त्याला पक्के काही येऊ देत नाही, कारण समज येते ती विषय पुन्हा पुन्हा, दर वेळी थोडा अधिक खोल, असा उलगडल्याने. साठ सेकंदांत प्रकाशसंश्लेषण सांगणाऱ्या चित्रफितींबद्दल त्यांनी काय म्हटले असते याची कल्पना करता येते. हृदयाची झडप कशी उघडते-मिटते हे चित्रफीत जसे दाखवील तसे खडू दाखवणार नाही, हेही खरे. ती दाखवावी, मध्येच थांबवावी, आता पुढे काय होईल असे विचारावे. लावून देऊन मागच्या बाकावर वह्या तपासत बसणे यात वर्ग सोडून जाण्यापेक्षा फारसा फरक नाही.

सर्वांत कमी बोलली जाणारी गोष्ट मुलांच्या अब्रूची आहे. हजरत मुआविया बिन हकम (रज़ि.) नव्यानेच इस्लाममध्ये आले होते. जमातीच्या नमाज़मध्ये कोणी शिंकले आणि त्यांनी सवयीने मोठ्याने दुआ दिली. लोक रोखून पाहू लागले, मांड्यांवर हात मारू लागले; ते आणखी गोंधळले. नमाज़ संपल्यावर प्रेषितांनी (स.) त्यांना ना दरडावले, ना मारले, ना टोचून बोलले; नमाज़मध्ये लोकांशी बोलणे योग्य नाही, एवढे समजावून सांगितले. त्यांच्याहून चांगला शिक्षक मी आधी पाहिला नाही आणि नंतरही नाही, अशी मुआविया (रज़ि.) यांची साक्ष सहीह मुस्लिममध्ये नोंदलेली आहे. आज सराव पाठाचा पुरावा म्हणून छात्राध्यापिका वर्गाचे चित्रीकरण करते, ते महाविद्यालयाच्या गटावर जाते, कधी स्टेटसवरही जाते. त्यात फळ्यासमोर उभा राहून सात आठे न आठवणारा एखादा मुलगा असतो. गल्लीत त्याला पुढे वर्षभर त्याच नावाने हाक मारली जाते. आपल्या देशाच्या २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्याची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती हा मूळ नियम ठेवला आहे. कायदा त्याच्या मार्गाने जाईल. ज्या दीनमध्ये दुसऱ्याचा दोष झाकण्याला पुण्य म्हटले आहे, त्याच्या अनुयायी शिक्षिकेला कॅमेरा मुलांच्या पाठीकडून लावण्यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. फुकट मिळणाऱ्या प्रश्नमंजूषेच्या अ‍ॅपमध्ये मुलांची पूर्ण नावे आणि पालकांचे नंबर भरताना तिने हाच विचार करावा. ‘मुलगा १’, ‘मुलगा २’ असे लिहूनही चाचणी होते.

आता थोडे अध्यापक महाविद्यालयांविषयी, कारण सारे ओझे विशी-बाविशीच्या मुलींवर टाकणे अन्यायाचे होईल. जिथे टाचणांची संख्या मोजली जाते आणि आतला मजकूर वाचला जात नाही, तिथे तदलीस संस्थाच शिकवते. आठवड्याला ढीगभर टाचणे मागायची, रकाने भरलेले दिसले की सही करायची, आणि मग मुली यंत्राकडून लिहून आणतात म्हणून उसासे टाकायचे, हे बरोबर नाही. लेखन यंत्राचे आहे की मुलीचे, हे ओळखणारी यंत्रे विकत मिळतात; ती चुकतात, आणि निरपराधावर आळ आला तर त्याचाही जाब कोणाला तरी द्यावाच लागतो. त्यापेक्षा जुना मार्ग बरा, ज्यात शागिर्द म्हणून दाखवतो आणि उस्ताद ऐकतो. २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि त्यात शाळेतील आंतरवासितेसाठी किमान २० आठवडे राखले गेले. तेवढ्या काळात प्रत्येक छात्राध्यापिकेला दोन-तीनदा समोर बसवून, वही मिटवून, ‘उद्याचा पाठ मला समजावून सांग’ असे म्हणायला वेळ निघतो. ती सांगू लागेल: ही प्रस्तावना माझी, हे उदाहरण मोबाईलवर सापडले, पण ते या मुलांना कळणार नाही म्हणून बदलले, हा आकडा तिथे होता, मी बालभारतीच्या पुस्तकात पाहिला तर वेगळा निघाला. टाचणाच्या वहीत ‘कुठून घेतले’ असा एक अरुंद रकाना वाढवला तर हेच लेखीही राहील. आणि एखाद्या दिवशी तिला सांगता आले नाही, तर त्या दिवशी सही थांबावी. दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा बसता येते.